नुसतं पूर्णिमा

सदाशिव पेठेत पत्रिकेचं प्रूफ पहिल्या फेरीत कधी पास होत नाही. चूक नसली तरी गिऱ्हाईक एखादा स्वल्पविराम हलवून ते परत पाठवतं. नाहीतर आपण नीट वाचलं, हे दुकानदाराला कळणार कसं? पूर्णिमा रामटेके बद्रीनाथशेठच्या डीटीपीच्या दुकानात कामाला लागली, तेव्हा पहिल्या लग्नसराईतच तिच्या हे ध्यानात आलं. तेव्हापासून ती पहिल्या प्रुफात मुद्दाम एक बारीकशी चूक ठेवू लागली. काकांच्या नावातला एखादा काना गाळायचा, नाहीतर कार्यालयाच्या पत्त्यात दोनदा ‘समोर’ टाकायचं. गिऱ्हाईक ती चूक पकडायचं, खूश व्हायचं आणि बाकीच्या मांडणीला हात न लावता निघून जायचं.

“गळाला गांडूळ लावतेस होय गं!” तिचा नवरा आनंद म्हणायचा. तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तिथे मुद्दाम चूक ठेवायची सोय नव्हती.

पूर्णिमा हे सगळं आपलं आपणच शिकली होती. दुकानात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर प्लास्टिकचं झाकण होतं, आणि ते काढायची परवानगी फक्त शेठना होती. शेठ जेवायला गेले की ती झाकण काढायची. आधी तिरक्या टोकाच्या निबेनं कागदावर अक्षर काढायचं, मग स्कॅन करायचं, मग माउसनं त्याच्या कडा ओढून ओढून गुळगुळीत करायच्या. तिच्या अक्षरांना पोट असायचं, कंबर असायची. गिऱ्हाइकं म्हणायची, “तो तुमचा फॉन्ट टाका.” तो फॉन्ट नव्हता, तो तिचा हात होता. पण हे सांगून पेठेत काय मिळणार? वर एक टोमणा.

मग लोकांच्या हातात मोबाईल आले. लोक पत्रिका फुकटात नेटवर करून आणायला लागले आणि दुकानात नुसती छापून मागायला लागले. शेठ एक दिवस पानाला चुना लावता लावता म्हणाले, “पूर्णिमाताई, दिवाळीनंतर अर्धा दिवसच या. काम तुम्हीच बघताय.” काम ती बघतच होती, म्हणजे नसलेलं काम.

म्हणून तिनं ठरवलं, आता घरून स्वतःची कामं घ्यायची. तेव्हा जो तो ब्लॉग लिहीत होता. त्यांना मथळा लागतो, बाजूच्या पट्ट्या लागतात, फोटोंवर नाव टाकून लागतं. पण काम मिळायला कुणाला तरी आपलं नाव माहीत हवं. आणि वीस वर्षांत अर्ध्या पेठेच्या मुंजी-लग्नांची अक्षरं काढूनही तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. खाली असायचं ते दुकानाचं नाव. आपलंही टाकू का, असं तिनं एकदा शेठना विचारूनही पाहिलं होतं.

इथे शैलाताई आल्या. भाच्याच्या मुंजीची पत्रिका करून घ्यायला आल्या आणि पूर्णिमाच्या अक्षरांवर भाळल्या. त्यांचा पाककृतींचा ब्लॉग होता, ‘सोवळ्यातलं’. नैवेद्याचं पान, पुरण, पंचामृत, केळीच्या पानावर काय कुठे वाढायचं, असं सगळं. शैलाताई स्वतः गाऊनवर स्वयंपाक करायच्या आणि घरात सोवळं असं कुणी नेसत नव्हतं. पण वाचक अमेरिकेत होते, त्यांना कुठे दिसणार!

“मला मथळा करून दे गं,” त्या म्हणाल्या. “खाली तुझं नाव टाकते. मोठमोठे लोक वाचतात हो माझं.”

पूर्णिमानं मन लावून मथळा केला. ‘ळ’चं वळण पळीसारखं, अनुस्वार तुपाच्या थेंबासारखा. वर शैलाताईंना सगळं शिकवलंही. फोटो लहान कुठे करायचा, चार फोटोंची एक चौकट कशी होते, रंगाशी रंग जुळवून देणारी साइट कुठली. सगळी फुकटातली टूल्स तिनं स्वतः धडपडून शोधली होती. ज्यांनी तिचा अर्धा दिवस खाल्ला होता, तीच ही टूल्स. पण शिकवताना तिला मजा यायची, त्याला काय करणार!

मथळा चढला. नाव काही चढलं नाही. “अगं, ती जागाच घेत नाही तो ब्लॉग,” शैलाताई म्हणाल्या. जागा कुठे असते ते पूर्णिमाला ठाऊक होतं.

मग पेठेतल्या एका सभागृहात मराठी ब्लॉगर मंडळींचा मेळावा ठरला. शैलाताईंना बोलायला बोलावलं होतं. विषय होता, ब्लॉगसाठी सोपी ऑनलाइन साधनं. पडद्यावर दाखवायची पानं अर्थातच पूर्णिमानं करायची होती. तिनं केली, आणि शेवटच्या पानावर लिहिलं : ‘अक्षरं आणि मांडणी – पूर्णिमा रामटेके, खडकी.’ खाली फोन नंबर.

शैलाताईंनी ते पान बघितलं. चष्मा वर केला, खाली केला.

“छान आहे. पण काय आहे ना पूर्णिमा, नुसतं ‘पूर्णिमा’च ठेवू या का? ब्रँड वाटतो. आणि खडकी कशाला? पुणेच लिही की. खडकी पुण्यातच येते ना?”

“येते ना,” पूर्णिमा म्हणाली. “लोकल पकडून रोज येते.”

शैलाताई हसल्या. कशाला, ते त्यांनाही कळलं नसावं.

“माझं काही नाही गं. मी असलं काही मानतच नाही. पण ब्लॉगचं नावच तसं आहे, वाचक जुन्या वळणाचे... उगाच कुणी काही विचारायला नको.”

पूर्णिमानं मान हलवली आणि दोन्ही शब्द पुसले. विचारायला नको ते नेमकं काय, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

घरी तिनं आनंदला सांगितलं. त्यांची मुलगी, मैत्री, तीही तिथेच होती, हिंजवडीच्या कंपनीतून नुकतीच आलेली.

“नुसतं पूर्णिमा?” आनंद म्हणाला. “मग ती बाई कुठे राहिली, ती तिथी झाली. लोकांना वाटेल, उपासाचं काहीतरी आहे.”

मैत्रीला हसू आलं नाही. “आई, तू हे काम सोड. सिरियसली.”

“काम सोडलं तर नाव कुठून येणार?”

“आणि असं आलेलं नाव कुणाचं असणार? आजोबा भंडाऱ्याहून येताना आडनाव गाडीत विसरून आले होते का?”

सकाळी पूर्णिमानं शेवटच्या पानावर आडनाव परत टाकलं, खडकीही टाकली. मग दुसऱ्या पानावर गेली आणि ‘कॅमेरा’मधला एक काना पुसून टाकला. प्रूफ दाखवायला गेली तर शैलाताईंनी ते ‘कॅमेर’ लगेच पकडलं.

“बघितलंस? माझं लक्ष असतं,” त्या म्हणाल्या. एवढं दुरुस्त करून घेतल्यावर पुढची पानं त्यांनी नुसती भराभर सरकवली आणि शेवटच्या दोन-तीन पानांकडे पाहिलंही नाही. पूर्णिमानं मनात म्हटलं, पेठ ती पेठच.

मेळाव्याला पूर्णिमा नवी कोरी निळी साडी नेसून गेली. चौथ्या रांगेत बसली. पिशवीत मैत्रीनं छापून दिलेली कार्डं होती, नाव, आडनाव, खडकी, सगळं असलेली. कुणी विचारलं तर असावीत म्हणून.

शैलाताईंनी तयारी केलेली नव्हती. पडद्यावर पान आलं की त्या वाचायच्या. टूल्स सांगितली, चौकटी दाखवल्या. मध्येच एका गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या मथळ्याची अक्षरं कुठल्या साइटवर मिळतात? आम्ही शोधशोध शोधली.”

“सांगते, शेवटी सांगते,” शैलाताई म्हणाल्या.

पूर्णिमानं पिशवी मांडीवर घेतली.

शेवटचं पान आलं. शैलाताई सवयीनं मोठ्यानं वाचायला लागल्या, “अक्षरं आणि मांडणी, पूर्णिमा...” आणि थांबल्या. पुढचा शब्द पडद्यावर सगळ्या सभागृहाला दिसत होता, तरी त्यांनी तो गिळला. मग बटण दाबलं. पडदा काळा झाला.

“म्हणजे कुणी केलंय हो?” मघाचे गृहस्थ चिवट होते.

“आमच्याकडे एक बाई येतात,” शैलाताई म्हणाल्या. “हात बरा आहे त्यांचा. पण सांगू का, हल्ली असं कुणावर अवलंबून राहायची गरजच नाही. मी मघाशी दाखवलं ना त्या साइटवर दहा मिनिटांत होतं.”

टाळ्या झाल्या.

मग आभार. आभार मानणाऱ्या बाईंनी कुणालाही सोडलं नाही. सभागृहाचे विश्वस्त, माईकवाले, चहावाले, सतरंज्या उचलणारे, वेळेवर वीज न गेल्याबद्दल वीज मंडळसुद्धा. शेवटी ज्ञात-अज्ञात सर्वांचे. पूर्णिमानं मनात म्हटलं, चला, अज्ञातात का होईना, बसायला जागा मिळाली.

चहाच्या टेबलाशी शैलाताईंनी तिला बाजूला घेतलं.

“हे तू बरं नाही केलंस हं. माझा विश्वास होता तुझ्यावर.”

“मीपण तेच म्हणणार होते, ताई.”

“अगं, नाव काय, पुढे-मागे टाकलंच असतं! तुम्हा लोकांना ना...” त्या थांबल्या, इकडे तिकडे बघितलं आणि वाक्य फिरवलं, “...तुम्हा आर्टिस्ट लोकांना धीरच नसतो.”

पूर्णिमानं चहाचा कप अर्धवट ठेवला. कार्डं पिशवीतच राहिली. ते अक्षरं शोधणारे गृहस्थ तिच्याच शेजारी उभे राहून बिस्किट बुडवत होते. तिनं त्यांना कार्ड का दिलं नाही, हे मैत्रीनं नंतर दहादा विचारलं. ‘हात बरा आहे’ ऐकल्यावर पिशवीत हात घालायची पूर्णिमाला लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटावी, याचा राग आला. रागात माणूस कार्ड वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात ‘सोवळ्यातलं’चा मथळा बदलला. नवा मथळा त्या दहा मिनिटांवाल्या साइटवर केलेला होता. त्या साइटला मराठी जोडाक्षर पेलत नव्हतं. ‘ळ’चा पाय मोडून लोंबत होता आणि ‘या’ त्याच्यापासून फटकून उभा होता, भांडण झालेल्या जावेसारखा. मागे कमळांची रांग. खाली वाचकांचे अभिप्राय : ‘नवं रूप सुंदर!’ ‘किती फ्रेश!’ ‘शैलाताई, तुम्ही म्हणजे अष्टपैलू!’

चार दिवसांनी फोन आला. जसं काही झालंच नव्हतं.

“पूर्णिमा, अगं ते अक्षर जरा सुटं दिसतंय असं आमचे हे म्हणतात. बघतेस का पटकन? पाच मिनिटांचं काम आहे.”

पूर्णिमा नळावर भांडी घासत होती. फोन खांद्यानं धरून म्हणाली, “थांबा हं ताई. आमच्याकडे एक बाई येतात, त्यांना विचारून सांगते.”

तिकडून “बरं” एवढंच, आणि फोन बंद.

आनंदनं स्वयंपाकघरातूनच टाळी वाजवली. मैत्रीनं आईला मिठी मारली. पूर्णिमालाही वाटलं, जिंकलो. पण ते वाटणं दोन दिवसच टिकलं. मथळा तसाच राहिला. शैलाताईंना तो खुपत नव्हता, वाचकांना खुपत नव्हता, अमेरिकेला तर अजिबात खुपत नव्हता. पूर्णिमा मात्र रोज सकाळी ब्लॉग उघडायची, तो मोडलेला पाय बघायची आणि बंद करायची.

दिवाळीनंतर ती अर्धा दिवस दुकानात जाऊ लागली. एके दुपारी मुंजीच्या पत्रिकेसाठी एक जोडपं आलं. बाईंनी मोबाईल पुढे केला. “वरती ‘सगळ्यांना निमंत्रण’ असं लिहा. पण अक्षर हे असं पाहिजे.” मोबाईलवर ‘सोवळ्यातलं’चा नवा मथळा होता.

पूर्णिमानं अक्षर काढलं. पोट, कंबर, ‘ळ्यां’ नीट जोडलेला. सवयीप्रमाणे मुलाच्या आजोबांच्या नावातला एक काना गाळला आणि प्रूफ दिलं.

नवराबायकोनं प्रूफ उजेडात धरलं. आजोबा नजरेतून सुटले. बाईंचं बोट वरच्या ओळीवर थांबलं.

“हे चुकलंय हो तुमचं.”

“काय चुकलंय?”

“यात जोडलंय. त्यात बघा, सुटं आहे. ती स्टाइल आहे.”

“अहो, ते मोडलेलं अक्षर आहे. ते साइटला जमलेलं नाही.”

“तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा,” गृहस्थ म्हणाले. “आम्ही ऑनलाइन करतो.”

पूर्णिमानं शेठकडे पाहिलं. शेठ पानाच्या डब्याकडे बघत म्हणाले, “तोडा हो ताई. गिऱ्हाईक आहे.”

तिनं माउस हातात घेतला. ‘ळ’चा पाय वेगळा केला, खाली ओढला. त्यापुढचं अक्षर बाजूला सरकवलं. तुटणं नैसर्गिक दिसावं म्हणून दोनदा मागेपुढे केलं. मोडायलाही तिला चांगलंच जमलं. जाता जाता आजोबांचा काना तेवढा परत लावला.

प्रूफ पास झालं. जोडपं खूश होऊन गेलं. शेठना बहुधा वाईट वाटलं असावं. ते पान तोंडात टाकून म्हणाले, “ताई, तुम्ही मागे म्हणाला होतात ना नावाचं? या पत्रिकेवर टाका. खाली, कोपऱ्यात. ‘अक्षरजुळणी’ म्हणून. अख्खं नाव टाका.”

वीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते असं पान चघळता चघळता आलं.

पूर्णिमानं पडद्यावरच्या त्या मोडलेल्या अक्षराकडे पाहिलं.

“नको शेठ,” ती म्हणाली. “यावर नको.”