खंडेनवमीचा मेन स्विच

ज्ञानेश्वरीने स्क्रीनची वायर उपसली आणि टेबलाखालच्या कंप्युटरवर झेंडूची माळ अशी सोडली, की त्याचा हिरवा दिवा बरोबर दोन फुलांच्या आड गेला. मग वाकून तिने कान लावला. आतला पंखा घरघरत होता. पण बाहेर पोरांनी स्पीकर लावला होता, त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू जातंय!

"बंद केला का गं तुझा कंप्युटर?" लेथ पुसता पुसता कारभारी नानांनी हाक दिली. सुप्याच्या एमआयडीसीतल्या या कारखान्याचे ते पहिल्यापासूनचे फोरमन.

"हो नाना, केला."

म्हणून तर गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. नाना परत लेथ पुसायला लागले तरी हिला वाटत राहिलं, आता येतील, माळ उचलतील आणि विचारतील, हे काय गं?

आज खंडेनवमी. शेतकरी कोयता-नांगर पुजतो, तसं इथं यंत्रं पुजायची. धुवायची, पुसायची, हळदीकुंकू लावायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकाचंही बटण दाबायचं नाही. ज्ञानेश्वरीला हे ठाऊक होतं. ती तिसगावची, घरी दरवर्षी शिलाई मशीनला हार घालणारी. पण या कारखान्यात ती जानेवारीत आलेली, इथली पहिलीच खंडेनवमी. जो तो आपापलं यंत्र बंद करील, आपण आपलं केल्यासारखं दाखवू, एवढाच तिचा हिशेब.

इथं पंपाचे पितळी बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या कड्या, बनायचे. प्रत्येक बुशाचा कॅमेरा फोटो काढायचा आणि तो पास की रिजेक्ट हे कंप्युटर सांगायचा. ही सगळी मांडणी ज्ञानेश्वरीची. मालक वैजनाथदादांना तिनंच पटवलं होतं. "दादा, लिनक्स घालू. खुली प्रणाली, कुणाच्या बापाची नाही." फोटो झटपट तपासायला लागणारं ग्राफिक्स कार्ड पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं, आणि सगळं झकास चाललं.

झकास चाललेल्याला हात लावू नये म्हणतात. हिने लावला. तपासणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जाहीर केलं, की पुढची आवृत्ती फक्त व्हल्कन या नव्या पद्धतीनेच कार्डाशी बोलणार. म्हणून आधीच तयारी करावी, या शहाणपणाने तिने श्रावणात सगळी प्रणाली अपडेट केली. आणि मग वाचलं. कार्डाच्या कंपनीने या जुन्या कार्डासाठी ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, देणं थांबवलं होतं. अपडेटने जुना ड्रायव्हर पुसून टाकला होता आणि त्याच्या जागी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला खुला ड्रायव्हर बसवला होता. जुन्याची प्रत ठेवायला हवी होती. तिने ठेवली नव्हती.

तरी यंत्र चालत होतं, कारण ते बंदच झालं नव्हतं. नाव हजेरीतून कापलेलं, पण गडी अजून कामावर, अशी त्या जुन्या ड्रायव्हरची गत. एकदा कंप्युटर बंद झाला की तो गेला. मग नवा उठेल, नाहीतर स्क्रीन काळी राहील. रोज सकाळी चहा घेताना ती मोबाईलवर त्या हौशी लोकांच्या चर्चा वाचायची. पोलंडचा एक म्हणे, माझ्या कार्डावर पळतंय. ब्राझीलचा दुसरा म्हणे, माझी स्क्रीन काळी. तिसरा म्हणे, थोडी कळ काढा, काम चालू आहे. ती कळ काढत होती. लाईट गेली की यूपीएसकडे बघत देवाचं नाव घेत होती. आणि परवा चाकणच्या कंपनीचे लोक कॅमेरा बघायला येणार होते. त्यांची ऑर्डर मिळेल या भरवशावर दादांनी नवी शेड घातली होती.

"चला, आरतीला!" वैजनाथदादा ताट घेऊन आले. त्यांच्यामागून त्यांच्या आई लंकाबाई, डोक्यावर पदर, हातात घंटी. लंकाबाईंनी एकेका यंत्रापुढं थांबून कुंकू लावलं. कंप्युटरपुढं आल्या, माळेवर अक्षता टाकल्या आणि ज्ञानेश्वरीकडं बघून हसल्या.

"ह्यो लई राबतो बाई. डोळं मिटू दे त्याला येक दिस."

ज्ञानेश्वरीने मान हलवली.

"कारभारी," लंकाबाई म्हणाल्या, "मेन पाडा."

तिला आधी समजलंच नाही. मेन? नाना भिंतीकडं गेले, त्यांनी मोठा खटका धरला आणि खाली ओढला. दिवे गेले, पंखे थांबले, बाहेरचा स्पीकरही गप्प झाला. सगळा कारखाना कसा शांत शांत.

आणि त्या शांततेत टेबलाखालून यूपीएस ओरडायला लागला. पीं. पीं. पीं.

"काय वरडतंय?" लंकाबाईंनी घंटी थांबवली.

सगळ्यांच्या माना टेबलाकडं वळल्या. नानांनी खाली वाकून माळ बाजूला केली. हिरवा दिवा लख्ख जळत होता. मग ते बाजूला झाले.

"ज्ञाने," वैजनाथदादा म्हणाले, "हा चालू कसा?"

खोटं बोलायला तिच्याकडं जागाच उरली नव्हती. "दादा, बंद केला तर परत उठेल की नाही, माहीत नाही मला."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. श्रावणातलं अपडेट, कंपनीने सोडलेलं कार्ड, नवा ड्रायव्हर, पोलंड, ब्राझील. यूपीएस दम न घेता ओरडत होता.

"श्रावणापासून?" दादांनी विचारलं.

"हो."

"मी दर आठवड्याला येऊन विचारतो, सगळं बरं चाललंय ना. तू काय सांगतेस?"

"बरं चाललंय."

दादांनी ताटातल्या निरांजनाकडं पाहिलं. रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. लंकाबाईच मध्ये पडल्या.

"जाऊ दे रं वैजनाथा. मेन वर करा. ह्याची पूजा बिगर झोपवता करू."

"नको आई." दादा शांतपणे म्हणाले. "आज ना उद्या बंद होणारच आहे तो. परवा पाहुण्यांसमोर होण्यापेक्षा आज होऊ दे. ज्ञाने, कर बंद."

तिने वायर परत खोचली. स्क्रीन उजळली. कुंकवाच्या बोटांनी तिने बंद करायची आज्ञा दिली आणि डोळे घट्ट मिटले. पंखा मंद होत थांबला. नानांनी यूपीएसचं बटण दाबलं. मग लंकाबाईंनी घंटी वाजवली आणि आरती सुरू झाली.

दसऱ्याच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. म्हणजे तिला तसं वाटलं. नाना दारातच उभे होते.

"कर चालू," ते म्हणाले, "जे हुईल ते हुईल."

तिने बटण दाबलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या आणि स्क्रीन काळी झाली. काळीच राहिली. आई गं, गेलं, सगळं गेलं! नानांनी तोंड फिरवलं.

आणि कॅमेऱ्याचं चित्र उमटलं. पितळी बुश, कडा अशा लखलखीत की जणू पहिल्यांदाच बघतोय. तिने हाताने चार बुश पट्ट्यावर सोडले. पास, पास, पास, रिजेक्ट. पहिल्यापेक्षा झरझर. ज्यांचं तोंडही तिने कधी पाहिलं नव्हतं, त्या लोकांनी तिची लाज राखली होती. ती रडलीच. भडाभडा रडली.

"लागलं! लागलं!" नाना टाळ्या पिटत म्हणाले, "पोरी, जिंकलीस की!"

वैजनाथदादा आत आले तेव्हा ती डोळे पुसून हसत होती.

"दादा, उठला! आणि पहिल्यापेक्षा जोरात चालतोय. उद्या पाहुणे बघतच राहतील."

"चांगलं झालं," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी स्क्रीनवरचे पास-रिजेक्ट वाचले. मग वळले. "नाना, श्रावणापासूनचा किती माल गोदामात पडलाय?"

"असंल की भरपूर. का?"

"पेट्या फोडा."

ज्ञानेश्वरीचं हसू ओठांवरच राहिलं. "दादा, तपासणीत काही चूक नव्हती. जुना ड्रायव्हर शेवटपर्यंत नीट चालत होता. भीती होती ती फक्त बंद करण्याची. खरंच सांगते."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणतोय?"

नानांनी पहिली पेटी आणून टेबलावर ठेवली आणि पट्टी कापली. दादांनी चष्मा चढवला, कपाटातून हाताने माप घ्यायचे दोन मायक्रोमीटर काढले. एक स्वतःला ठेवला. दुसरा त्यांनी तिच्यासमोर सरकवला आणि पेटीतला पहिला बुश उचलला.