बैठकीतून उठलेलं टेबल

मी बैठकीचं टेबल बोलतोय. म्हणजे अर्धं टेबल. उरलेलं अर्धं कुठे गेलं ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू का, आमचं फारसं पटतही नव्हतं. तिकडे हिशेबवाले बसायचे.

माझा जन्म कचेरीच्या बैठकीच्या खोलीतच झाला. "असं टेबल दुसऱ्या कुणाकडे असता कामा नये," असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता. सुतारांनी फळ्या आत आणून मला तिथेच जोडलं. झालो मी ऐसपैस! फक्त खोलीचं दार किती रुंद आहे, हे बघायचं तेवढं सगळे विसरले.

पण तेव्हा दाराची फिकीर कुणाला? माझा थाट काय वर्णावा! खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर माझ्याभोवती सकाळ निघून जायची. शेवटी मोठे साहेब माझ्यावर तळहात टेकून म्हणायचे, "छान चर्चा झाली. पुढच्या बैठकीत ठरवू." सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, जगाचा गाडा माझ्याच पाठीवर चाललाय.

आणि एके दिवशी मालकांनी कचेरी विकून टाकली. त्यासाठी त्यांनी एकही बैठक घेतली नाही.

सामान हलू लागलं. मला उभा, आडवा, तिरका, कसाही केला तरी मी दारातून निघेना. मग मला बाहेर कसं काढावं यावर बैठक भरली, तीही माझ्याभोवतीच. कुणी म्हणे भिंत पाडा, कुणी म्हणे खिडकी मोठी करा. हमालांचा मुकादम कंटाळून गेला. "साहेब, जरा सरका," म्हणाला आणि त्याने सरळ माझ्या पोटावर करवत लावली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण टेबलाचं कोण ऐकतो? तिथे माणसांचंही कुणी ऐकत नसे.

मोठ्या साहेबांची नोकरी गेली आणि निरोपाची भेट म्हणून मी त्यांच्या पदरात पडलो. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, मला दोन साधे पाय बसवून घेतले आणि पुढच्या खोलीत उभं केलं. बाई शाळेचे गणवेश शिवायच्या. इतकी वर्षं त्या जमिनीवर बसून कापड कापत होत्या आणि गुडघे पार कामातून गेले होते. शाळा उघडायच्या आत गणवेश झाले नाहीत, तर काम दुसरीकडे जाणार होतं. आता घर त्यावरच चालणार होतं.

साहेब खुर्ची ओढून माझ्यापाशी बसले. सवयच ती! "अगं, आधी आपण कामाची दिशा ठरवू."

"दिशा राहू द्या," बाई म्हणाल्या. "कापणं आणि शिवणं दोन्ही माझ्याच्यानं होणार नाही. खडूनं खुणा करून ठेवल्यात. तुम्ही कापा, मी मशीनवर बसते."

"मी विचार करून सांगतो."

"अहो, कात्री तुमच्या हातात आहे! आता विचार कसला?"

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर कापड जाईल. नुसते बसून राहिलात तर काम जाईल."

साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. मग कात्रीचं थंडगार पातं माझ्या पाठीवरून कर्रकर्र सरकत गेलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर पहिल्यांदा काहीतरी ठरलं. मला अक्षरशः भरून आलं.

संध्याकाळी कळलं, की साहेबांनी सगळ्या बाह्या डाव्याच कापल्यात. ते मटकन खाली बसले. "वाटोळं केलं मी तुझं!"

बाईंनी एक बाही उचलली, उलटसुलट करून बघितली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो, हे कापड दोन्हीकडून सारखंच आहे. अर्ध्या उलटवा, झाल्या उजव्या!"

साहेबही हसले. कचेरीत मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. गणवेश वेळेत पोचले. शाळेने पुढच्या वर्षाचंही काम दिलं.

परवा जुन्या कचेरीतला हिशेबनीस आला होता. "आम्ही सल्लागार मंडळ काढतोय. अध्यक्ष तुम्हीच. काम काही नाही, नुसत्या बैठका."

माझ्या काळजात धस्स झालं. साहेबांनी मानही वर केली नाही. "नाही."

"जरा विचार तर करा!"

"केला."

मशीन थांबलं. बाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं आणि उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या.

तर मंडळी, माझं पॉलिश गेलं, अंगभर ओरखडे आलेत, त्याची हळहळ करू नका. तुमच्या घरी एखादं रिकामं टेबल असलंच, तर त्याला कामाला लावा, एवढंच मागणं आहे. आता बोलणं पुरे, चहा आलाय. साहेब तो दारात उभं राहून पितात. माझ्यावर कप ठेवू देत नाहीत, कापडाला डाग पडतो म्हणे.