मावशीच्या लेखातला चौथा परिच्छेद

लॉ कॉलेजातले विद्यार्थी लैंगिकता आणि लिंगओळख या विषयांवर कायद्याचं एक नियतकालिक चालवत. त्याच्या संपादिकेला सगळे ‘तळटीप’ म्हणत, कारण संदर्भ दिल्याशिवाय तिला कुणाचा नमस्कारसुद्धा पटत नसे. शिक्षणासाठी ती मावशीकडे राहायची. मावशी कोर्टातली निवृत्त स्टेनो. घरात तिसऱ्या, सगळे ज्यांना ‘बाई’ म्हणत त्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, सव्वीस वर्षं मावशीसोबत राहणाऱ्या. दोघी एकमेकींच्या कोण, हे नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढत नसे.

नियतकालिकात लेखकाचं नाव तपासणाऱ्याला कळत नसे, तपासणाऱ्याचं लेखकाला. यंदा एका लेखानं तळटीपेचं डोकं उठवलं होतं.

“तीनदा दुरुस्त्या सुचवल्या, तीनदा दुरुस्तीऐवजी भांडणच परत आलं,” ती जेवताना करवादली. “इतका हट्टी लेखक!”

“अगं, माझंही तेच,” मावशी म्हणाली. “आता सांगूनच टाकते. तुमच्या अंकाला मीही लेख पाठवलाय. ओळखीनं छापला असं नको व्हायला, म्हणून गप्प होते. पण तुमचा तपासणारा प्रोफेसर भलताच दीडशहाणा आहे. चौथ्या परिच्छेदापुढे लिहितो, ‘भावनिक. पुरावा द्या.’ मी काय आरोपी आहे?”

तळटीपेला ठसका लागला. बाईंनी पाणी पुढे केलं.

“मावशी, प्रोफेसर नाहीत तपासत, आम्ही विद्यार्थीच तपासतो. तो दीडशहाणा मी आहे.”

चौथ्या परिच्छेदात एका स्त्रीच्या जोडीदारणीचं ऑपरेशन होतं, आणि फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात तिला खोटं लिहावं लागलं होतं. तळटीपेला कुठे तोंड लपवू असं झालं.

मावशी ताडकन उठली आणि कपाटातून फाईल घेऊन आली. “घे पुरावा!”

हॉस्पिटलच्या सहा फॉर्मच्या प्रती होत्या. शेजारीण. मैत्रीण. चुलत बहीण. पुन्हा शेजारीण. मामेबहीण. एकावर चक्क ‘भाडेकरू’.

“भाडेकरू?”

“त्या दिवशी आमचं वाजलं होतं,” बाई शांतपणे म्हणाल्या.

तिघी इतक्या हसल्या की जेवण गार झालं. मग बाईंनी हळूच डोळे पुसले.

घरचा लेख म्हणून तळटीपेनं तो दुसऱ्या संपादकाकडे सोपवला. त्यानं सहाही फॉर्मच्या तारखा मागितल्या. मावशीनं त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि तारखा दिल्या. लेख तिच्या नावानिशी छापून आला.

अंक वाचून तळटीपेच्या आईचा मावशीला फोन आला. “ताई, बाईंना दे जरा,” एवढंच ती म्हणाली. त्या दोघी पाऊण तास बोलत होत्या, आणि मावशीच्या घोरण्यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं.