पाच फूट चार इंच

मी ठेंगणं फर्निचर बनवतो. हसू नका, त्याचाच मला पगार मिळतो. नवी इमारत उभी राहिली की बिल्डर एक सॅम्पल फ्लॅट सजवतो ना, त्यातला पलंग, टेबल, कपाट सगळं मी करतो आणि सगळं माप मारून करतो. साडेसहा फुटांऐवजी पलंग पाच फूट चार इंचांचा. कपाट इतकं उथळ की शर्ट हँगरला सरळ टांगता येत नाही. गिऱ्हाईक आत येतं, नवरा बायकोला म्हणतो, "अगं, केवढी मोकळी खोली आहे!" आणि तिथल्या तिथे सही करतो. झोपून कोण बघतंय! एकदा एक आजोबा पलंगावर बसून बूट काढायला लागले, तर सेल्सच्या पोरीची नुसती धावपळ उडाली.

फ्लॅट विकले गेले की हे सामान भंगारात जातं. मुकादम मला म्हणतो, "न्यायचं तर ने बाबा." मी नेतो, कारण आमच्या खोलीत दुसरं काही मावतच नाही. बारा बाय दहाची खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच वाळत घातलेले कपडे, त्यातच आम्ही तिघं. अकरा वर्षं मी गुडघे पोटाशी घेऊन झोपतोय. बायको बुटकी, तिला पलंग पुरतो. लेक चौदाची, दिवसेंदिवस ताडमाड होत चाललीय. ती खाली गादी टाकते आणि तिचे पाय फ्रिजला लागतात. माझा पगार भाड्यात जातो, पोट बायकोच्या पगारावर चालतं. वैताग आलाय, दुसरं काय.

त्यात दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. गावी वडिलांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, ते तो चालवतो. मागेच तीन खोल्यांचं घर, आई तिथेच असते.

"माझी पाठ पार गेली रे," तो म्हणाला. "पोरगा मला आणि तुझ्या वहिनीला त्याच्याकडे बोलावतोय. वर्कशॉपला गिऱ्हाईक आलंय. तू येऊन चालवणार असशील तर घर, वर्कशॉप सगळं तुझं, आई आहे तिथेच राहील. नाहीतर रविवारी मी व्यवहार करून टाकतो. मग आईला तू ने. पोराकडे दोघांचीच सोय आहे."

मला तर आंधळा मागतो एक डोळा असं झालं. बायकोला सांगितलं, तर ती भांडी विसळत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"दुरून डोंगर साजरे," ती म्हणाली. "तिथे जाऊन मी काय करू?"

"म्हणजे? घर आहे, जागा आहे..."

"इथे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात अठरा बायका माझ्या हाताखाली आहेत. डॉक्टर मला 'मॅडम' म्हणतात. तिथे मी कोण? सुताराची धाकटी सून. आणि पोरीची शाळा?"

"मग आईला इथे आणायचं? ठेवायचं कुठे, कपाटावर?"

"सरकू थोडं. आजवर सरकलोच की."

"अजून कुठे सरकायचं? भिंतीत?"

लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "तुम्ही जिन्यात जाऊन भांडा ना प्लीज. माझा उद्या पेपर आहे."

गेलो आम्ही जिन्यात. तिथे वरच्या मजल्यावरचं जोडपं आधीच भांडत बसलेलं, म्हणून खाली रस्त्यावर गेलो. तिथे बायकोचा आवाज उतरला. "तू दमलायस, ते मला दिसतंय," ती म्हणाली. "पण मी नाही रे दमले. तुला जायचं तर जा. मी आणि पोरगी इथेच राहणार."

चार दिवसांची रजा टाकली आणि गावी गेलो. मनात पक्कं होतं, दादाला 'हो' म्हणायचं. बायकोचं नंतर बघू, दोन-चार महिन्यांत तीही येईल.

पण पहिल्या दिवशी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही जिभेवर आलेलं गिळलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग दादाच म्हणाला, "आलाच आहेस तर आईला पलंग करून दे. जुन्याचा पाय खिळखिळा झालाय." आणि तो कागदपत्रांच्या मागे बाहेर निघून गेला.

काय सांगू, किती वर्षांनी असं काम केलं! दहा फुटी फळी हातात घेऊन गोल फिरलो, तरी कुणाच्या डोळ्यात गेली नाही. आमचे वडील टेप लावून काम करणाऱ्याला हसायचे. एक काठी घ्यायची, तिच्यावर मापाच्या खुणा करायच्या, मग डोळे मिटून कापत सुटायचं. मीही तसाच शिकलो. माझी काठी हत्यारांच्या पिशवीत होतीच. उशाकडच्या फळीला गोलाई दिली, कडा घासून लोण्यासारख्या केल्या, दोन दिवस शीळ घालत होतो म्हणे. वहिनीनेच सांगितलं.

शनिवारी दुपारी पलंग आईच्या खोलीत नेऊन जोडला. दादा बाहेरून आला, दारातच थांबला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, मग खिशातून टेप काढला. पाच फूट चार इंच.

"अरे गाढवा!" तो असा हसत सुटला की पाठ धरून खाली बसला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तू तर अंथरूणच कापलंस की!" वहिनी हसू दाबत आत पळाली. माझे कान तापले. पिशवीतली काठी सॅम्पल फ्लॅटची होती आणि दोन दिवसांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. वाईट ह्याचं वाटलं, की मला तो पलंग अगदी बरोबर दिसत होता. आता टेप लावल्यावरही बरोबरच दिसत होता.

दादाचं हसू थांबलं. "हात बिघडला रे तुझा," तो हळूच म्हणाला. "इथलं गिऱ्हाईक एकदा फसलं की परत पायरी चढत नाही."

"बाजूच्या फळ्या बदलतो. संध्याकाळपर्यंत होईल," मी म्हणालो आणि पलंग उघडायला वाकलो.

"थांब," आई म्हणाली. ती कधी आत आली ते आम्हाला कळलंच नाही. आई आमची उंच, वडिलांपेक्षा दोन बोटं जास्तच. ती पलंगावर बसली, आडवी झाली. पाय कडेच्या बाहेर गेले. मग कुशीवर वळून तिने गुडघे वर घेतले, पावलं आत ओढली.

"हे बघ," ती म्हणाली, "बरोबर मावते मी."

"आई, अगं..."

"तुझ्या बायकोने मला फोनवर सांगितलं होतं, खोली लहान आहे म्हणून. आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. म्हटलं, हा मला नेईल की नाही? तुला विचारायचा धीर होईना." तिने उशाकडच्या फळीवरून हात फिरवला. "आज हा पलंग बघितला आणि जीव भांड्यात पडला. तिथली जागा धरून केलास ना?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला खरं काय ते माहीत होतं.

मी तोंड उघडलं. माप चुकलं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की तिला न्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि खरंच आलं नव्हतं. इतके दिवस मी फक्त माझ्याच पायांचा विचार करत होतो. मला माझीच लाज वाटली.

"हो," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच केला."

दादाने व्यवहाराच्या कागदांची फाईल उचलली आणि तो बाहेर गेला.

"मग कधी निघायचं?" आईने विचारलं. पाय तिने अजून सरळ केले नव्हते.