उजवीकडचा चहा

जुन्या इमारतीत जिना चढून वर आले की डावीकडे वळायचे. डावीकडे ऑपरेशन थिएटर, उजवीकडे चादरी-उशांची खोली. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नसे. नवी आलेली नर्ससुद्धा पाहता पाहता डावीकडे वळू लागे. नवी इमारत बांधताना मात्र आर्किटेक्टने नेमके उलटे केले. थिएटर उजवीकडे, चादरी डावीकडे. उजेडासाठी आणि लिफ्टसाठी, असे त्याचे म्हणणे. नकाशा पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणे सोपे असते, पाय वळवणे अवघड.

या स्थलांतराची जबाबदारी ताईंवर होती. अख्खी नोकरी त्यांनी याच रुग्णालयात नर्स म्हणून केली, आणि आधीचे प्रमुख हा व्याप टाळून मोठ्या शहरात निघून गेल्यावर ती खुर्ची त्यांच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले. आपण ताईच म्हणू. खुर्ची मिळाली तसा त्यांचा चहाही कपबशीतून टेबलावर येऊ लागला. मॅडमनी किटलीपाशी ताटकळणे बरे दिसत नाही, असे वॉर्डातल्या मावशींचे मत होते आणि मावशींच्या मतापुढे कुणाचे चालत नसे.

ताईंपुढचा प्रश्न साधा आणि भयंकर होता. आरोग्य समिती येऊन पाहणार होती की या नव्या जागेत ही माणसे तातडीचे ऑपरेशन करू शकतात की नाही. जमले तर थिएटर आणि बाळंतपणाची खोली राहणार. नाही जमले तर दोन्हींना कायमचे कुलूप, रुग्णालयात उरणार ताप आणि मलमपट्टी, आणि अडलेल्या बाईला डोंगरापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागणार. निकाल लागेपर्यंत तसेच चालले होते. तो डोंगराचा रस्ता ताईंना ठाऊक होता. हे रुग्णालय नव्हते तेव्हा त्यांच्या वहिनीचे बाळ त्याच रस्त्यावर गेले होते. वहिनी अजूनही त्या वाटेने जाताना गाडीत डोळे मिटून बसते.

समिती आली. घंटा वाजली. सर्जन, नर्सेस, भूल देणारे डॉक्टर (यांना सगळे अंगाईकाका म्हणत), झाडून सगळे धावत वर आले, डावीकडे वळले आणि चादरींच्या खोलीत घुसले. लिफ्टमधून आलेले स्ट्रेचरही त्यांच्यामागोमाग आत. सगळ्यांच्या पुढे खुद्द ताई होत्या. स्ट्रेचरवर रुग्ण म्हणून झोपवलेला लेखनिक उठून बसला आणि त्याने विचारले, "माझं ऑपरेशन इस्त्रीच्या टेबलावर का?"

सगळे हसले. समितीच्या अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मोजके बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, "मी पुन्हा एकदा येईन. शेवटचं." आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. भाजी घेताना लोक ताईंना विचारू लागले, रुग्णालयात धोबीकामही सुरू केलेत का. ताई वरवर हसत आणि घरी येऊन तोंडावर पाणी मारत. नुसती फजिती असती तर त्यांनी ती केव्हाच गिळली असती.

मग उपाय सुरू झाले. भिंतीवर हे एवढाले लाल बाण रंगवले. भाषणे झाली. सराव झाला आणि तरी निम्मे लोक डावीकडे. सर्जन हा तिरसट गृहस्थ. तो म्हणाला की पळणारा माणूस भिंती वाचत नाही, हा रंगाचा खर्च वाया गेला. ताईंना राग आला, कारण ते खरे होते.

ताईंचे यजमान निवृत्त व्यायामशिक्षक. जन्मभर पोरांचे पाय वळवण्यात गेलेला माणूस. ताई जेवताना ताटाकडे बघत बसल्या तेव्हा त्यांनी आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाले, "पाय डोक्याचं ऐकत नाहीत गं. पोटाचं ऐकतात. मी मैदानाच्या त्या टोकाला पाण्याचा माठ ठेवायचो. पोरं आपोआप पळायची."

ताईंचा घास हातात राहिला. जुन्या इमारतीत थिएटरच्या बाहेर, खिडकीशेजारच्या कोनाड्यात, चहाची किटली असायची. ऑपरेशने काही रोज नसत. चहा रोज असे. दिवसातून कितीदा तरी प्रत्येक जण जिना चढून डावीकडे वळे तो काही कर्तव्याच्या ओढीने नव्हे. नव्या इमारतीत किटली खाली गेली होती, दारापाशी, सोयीची जागा म्हणून.

दुसऱ्या दिवशी किटली वर आली. जिन्यावरून उजवीकडे, थिएटरच्या बाहेरच्या बोळात, बाकांशेजारी. आर्किटेक्टने कपाळाला हात लावला. ती जागा त्याने कुंडीसाठी राखली होती. खालच्या वॉर्डातल्या नर्सेस कुरकुरल्या की एका कपासाठी एवढा जिना चढायचा. सर्जन म्हणाला की आता हे रुग्णालय किटलीच्या भरवशावर चालणार तर. म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त खेपा त्याच्याच होऊ लागल्या. मावशी मात्र मॅडमचा चहा न चुकता खाली टेबलावर आणून ठेवत, बशीत दोन बिस्किटांसह.

दिवस गेले. कुरकुर थांबली, कारण बोळातल्या बाकांवर गप्पा रंगू लागल्या. ताईंना वाटे, जमतेय. पुन्हा वाटे, चहासाठी चालणे वेगळे आणि जिवासाठी धावणे वेगळे. दुधाने तोंड पोळलेले, त्या ताकही फुंकून पीत होत्या.

अध्यक्षबाई ठरल्या दिवशी आल्या. लेखनिक पुन्हा स्ट्रेचरवर चढायच्या बेतात होता, तेवढ्यात फाटकातून एक रिक्षा आत आली आणि तिच्यातून एका माणसाने आपल्या दिवस भरलेल्या बायकोला उचलून उतरवले. साडी रक्ताने भिजलेली. बाळंतपणाच्या नर्सने पोटावर यंत्र लावले, ऐकले आणि ताईंकडे पाहिले. बाळाचे ठोके मंद पडत होते.

नियम असा की मंजुरी मिळेपर्यंत असा रुग्ण डोंगरापलीकडे पाठवायचा. गाडी उभी होती. ड्रायव्हरने दारही उघडले होते. ताईंनी त्या उघड्या दाराकडे पाहिले आणि त्यांना वहिनीचे मिटलेले डोळे दिसले.

"ती रस्त्यात टिकणार नाही," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "घंटा द्या."

घंटा वाजली. ताई धावल्या. या वयात त्या जिना कसा चढल्या ते गुडघ्यांनाच ठाऊक. वर येऊन वळल्या, दार ढकलून आत शिरल्या.

आत कुणीही नव्हते.

ना सर्जन, ना अंगाईकाका, ना एक नर्स. कुणीच आले नाही, सगळे संपले, असे ताईंना वाटले. मग त्यांना समोरच्या फडताळावर घड्या घातलेल्या चादरी दिसल्या. पांढऱ्याशुभ्र, ओळीने. शेजारी इस्त्रीचे टेबल.

त्यांच्यामागे कुणीतरी धापा टाकत उभे होते. प्रमुखांच्या मागे गेले की बरोबर जागी पोचू, असा हिशेब करून अध्यक्षबाई त्यांच्या पाठोपाठ पळत आल्या होत्या.

तेवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला. सर्जनचा तिरसट आवाज आला, अंगाईकाकांचा शांत आवाज आला, दार बंद झाले आणि वरचा लाल दिवा लागला. थिएटरच्या बाहेर बाकांवर अर्धवट प्यालेले कप तसेच होते. सगळे उजवीकडे गेले होते. एकूण एक. चुकल्या होत्या फक्त ताई, कारण किटलीपाशी फक्त त्याच कधी गेल्या नव्हत्या.

ताई दाराच्या चौकटीला धरून हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले आणि ते त्यांनी पुसलेही नाही. एवढा आनंद त्यांना खुर्ची मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"ही चादरींची खोली आहे," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "थिएटर तिकडे. माझी माणसं पोचली."

दोघी बोळातून चालत गेल्या आणि कप बाजूला सारून बाकावर बसल्या. रिक्षावाल्यासोबत वर आलेला तो नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याला ताईंनी मध्ये बसवले आणि त्याचा हात धरून ठेवला. कुणीच घड्याळाकडे बघत नव्हते. मग दाराआडून बाळ रडले, चांगले खणखणीत, भांडल्यासारखे. थोड्या वेळाने नर्सने दार किलकिले करून सांगितले की आईही शुद्धीवर येतेय. नवरा तिथेच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

"प्रमुखबाई वाट चुकल्या तरी जे रुग्णालय चुकत नाही," अध्यक्षबाई उठत म्हणाल्या, "त्याचं आणखी काय पाहायचं? थिएटर तुमचं. बाळंतपणाची खोलीही." आणि पहिल्यांदाच हसल्या. "पण इस्त्रीच्या टेबलाचं मी लक्षात ठेवणार."

बातमी जिन्यावरून खाली पोचायच्या आधी आरडाओरडा खाली पोचला. लेखनिक दुसऱ्या एका स्ट्रेचरवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. सर्जन टोपी काढत बाहेर आला, कुणाशी न बोलता थेट किटलीकडे गेला आणि दोन कप भरले. एक स्वतः घेतला. मावशी लगबगीने बशी शोधू लागल्या, तसे त्याने त्यांना हाताने थांबवले.

"बशी नको. ताई, इथं यायचं आणि घ्यायचा," तो म्हणाला. "रोज. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा चादरींत सापडाल."

ताई उठल्या, किटलीपर्यंत चालत गेल्या आणि कप उचलला. किटलीतला चहा केव्हाच गार झाला होता. त्या तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.