झेंडूची माळ घातलेलं विमान

हौशीरामाच्या पत्राला ताजुद्दीनभाईंनी उत्तर दिलंच नव्हतं. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात आलेलं पत्र. 'भाई, आपलं विमान अजून कामात हाय का? एक फोटू धाडा. डोळ्यांवर पडदा चढतोय. दिसतंय तवर धाडा.'

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं ते विमान पाण्यावर उतरणारं, चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबट तरंगे. तलावापलीकडच्या वाड्यांना रोज टपाल, औषधं, कधी कोंबड्यांची पाटीसुद्धा पोचवायचं. हौशीराम त्याचा मिस्त्री. गुडघे गेले, तसा तो मुलाकडे नागपूरला गेला.

भाई लोणावळ्याच्या वाचनालयातून निवृत्त झालेले. पुस्तकांत रमायचे, माणसांसमोर अडखळायचे. फोटो धाडायचा तर उडतानाचाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सकाळी कॅमेरा घेऊन ते तलावाकाठी बसत. पाण्यावर धुकं पिंजून ठेवल्यासारखं. आधी नुसती घरघर यायची, मग पाणी फाटायचं आणि काहीतरी रुपेरी वर विरून जायचं. आपण पाहिलं की आपल्याला भासलं, हेच त्यांना कळेनासं होई. फोटोत तर नुसता पांढरा पट्टा. 'हे काय धाडायचं त्याला?' म्हणत ते पत्र पुन्हा पुस्तकात ठेवून देत.

खंडेनवमीला विमान काठालाच बांधलेलं होतं. विमानात माल चढवणारी सावित्राबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पंख्याला झेंडूची माळ बांधत होती. तरंग्यांवर हळदकुंकवाची बोटं उठली होती.

"काडा की फोटू, भाई! बगळ्यावानी काय बसलाय?"

"आज उडणार नाही ना पण."

"आज हत्यारं निजत्यात. उद्या उडंल."

"उडतानाचाच हवा होता. हौशीराम विचारतो, विमान कामात आहे का."

"अवो, मग ही माळ कशापायी? मोडक्या नांगराला कोन फुलं वाहतं व्हय?" तिनं गाठ आवळली. "आन त्याला म्हनावं, त्याच्यावानी ढिली न्हाई बांधली."

भाईंनी कॅमेरा उचलला. धुकं विरत होतं. पाण्यात उलटं विमान डुलत होतं, त्याची माळही डुलत होती. त्यांनी कळ दाबली.

फोटो स्वच्छ आला. सावित्राबाईचा पदर तेवढा अर्धा कापला गेला, ते मनाला लागलंच. झेंडूही काळे दिसत होते. तरी त्यांनी लिहिलं, 'हौशीराम, कामात आहे. माळ बघा. सावित्राबाई म्हणते, तुमच्यापेक्षा घट्ट बांधली.'

आणि एव्हाना त्याला दिसत नसलं तर?

त्या माळेतलं वाळलेलं एक फूल भाईंनी पाकिटात घातलं, आणि पाकीट टपालपेटीत सोडलं.