फुली-गोळा खेळणारी देवी

"पटणार नाही तुम्हाला. आजवर कुणालाच पटलेलं नाही!" मामाने स्टुलावर बैठक मारली.

बहिणीचं इस्त्रीचं दुकान ही त्याची हक्काची जागा. कपडे होईपर्यंत गिऱ्हाइकं जाणार कुठे? गल्ली त्याला थापाड्या मामा म्हणायची आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. बहीण पाठमोरी उभी राहून कॉलरवर इस्त्री दाबत होती.

"माझी भाची, हिची मुलगी. त्या पोरीच्या पाठीवर देवी लिहायची!"

"काय लिहायची?" कंडक्टरने विचारलं. त्याचा गणवेश अजून ढिगातच होता.

"आज्ञा! एका बुवाच्या गच्चीवर मुंगी शिरायला जागा नसायची. बुवा ओल्या फडक्याने पाठ पुसायचा. 'भक्तहो, श्वास आत घ्या, शंका बाहेर सोडा!' कपातला चहा निवेपर्यंत पाठीवर लालभडक अक्षरं टरारून वर. 'दान करा.' 'शंका नको.' देवीचं अक्षर हुबेहूब बुवासारखंच गिचमिड, पण विचारतो कोण?"

"पण पोरीला तिथे नेलंत कशाला?"

मामाने घसा खाकरला. "छाती. सारखी शिट्टी वाजायची छातीत. हाती सरकारी विम्याचं कार्ड होतं, कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांची यादी होती. ऍलर्जीचा पहिला डॉक्टर देवाघरी गेलेला. दुसरा निघाला दातांचा. तिसऱ्याकडची बाई म्हणाली, कार्ड घेणं बंद केलंय, रोख असेल तर या. चौथ्याने फोनवर एवढं संगीत ऐकवलं की मी तबल्याला साथ द्यायला लागलो."

गिऱ्हाइकं हसली. इस्त्रीची वाफ फुस्सकन सुटली.

"बुवाने कार्ड मागितलंच नाही. म्हणाला, देवी छातीत अडकलीय. ओढायचा पंप बंद करा, म्हणजे ती मोकळी होईल. पंप गेला कपाटात."

"अरे देवा!"

"देवाला कशाला मध्ये आणता? ऐका. एके दिवशी अक्षरं उमटली, लोक आडवे झाले, आणि आमची पोरगी उठली. धापा टाकत होती, तरी उठली. बाही वर सारली. दंडावर काय? लालभडक फुली-गोळा! तिरक्या ओळीत तीन फुल्या. फुली जिंकलेली!"

"देवी फुली-गोळा खेळते?"

"हेच एका आजीबाईंनी विचारलं. बुवा म्हणतो, 'देवीची लीला अगाध!' पोरगी म्हणते, 'लीला नाही हो, माझी बाकावरची मैत्रीण. आत्ताच जिन्यात खेळून आलो, डबा खाताना तर रोज खेळतो. माझ्या कातडीवर काहीही ओढलं की फुगतं आणि थोड्या वेळाने जातं. तुम्ही फडक्याआडून नखाने लिहिता. मला गुदगुल्या होतात!'"

दुकान खदखदून हसलं.

"आजीबाईंनी अंबाड्यातली पिन काढली आणि पोरीच्या हातावर हळूच एक रेघ मारली. सगळे टक लावून बसले. रेघ फुगली! मागे वळून बघतात, तर बुवा मागच्या जिन्याने पसार. एक चप्पल तेवढी ठेवून गेला." मामाने बोट उगारलं. "म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला की पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, देवाशिवाय हे करायला काय काय लागेल? इथे एक नख लागलं. कातडीच्या दुखण्याला देवी म्हणायला आपण सगळे लागलो."

"आणि पोरीच्या छातीचं काय झालं?" कंडक्टरने विचारलं.

मामाने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. गोष्टीतली ही जागा त्याने सांगून सांगून घोटीव केली होती. इथे त्याचा आवाज मऊ व्हायचा.

"हे तर मुळीच पटणार नाही! दुसऱ्याच दिवशी डॉक्टर मिळाला. ऍलर्जीचा, खराखुरा. कार्ड बघून म्हणाला, या, बसा. हातावर बारीक सुया टोचून बघितल्या, कशाने होतं ते शोधून काढलं, नवा पंप दिला. आता पोरगी जिना अशी चढते की..."

"दादा, पुरे."

बहिणीने इस्त्री उभी केली. पहिल्यांदाच ती गिऱ्हाइकांकडे वळली.

"हे खोटं आहे. असा डॉक्टर मिळालाच नाही. पंप पुन्हा हातात दिला, पण तेवढ्याने भागत नव्हतं. आम्ही फोन लावत राहिलो आणि ती गेली."

मग ती मामाकडे वळली.

"बुवाचं सांगतोस ते खरं आहे. ते सांग, गावभर सांग," ती म्हणाली. "पण कार्ड घेणारा एक डॉक्टर मिळाला असता, तर मी त्या गच्चीवर चढले असते का रे?"